दहा मिलिमीटरचा हिशेब

ऑगस्ट १८८८. नवऱ्याला काही न सांगता बर्था बेंझ त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या आईकडे निघाली. सोबत पंधरा आणि तेरा वर्षांची दोन मुलं. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर होतं आणि तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपत आलं तेव्हा औषधाच्या दुकानात मिळणारं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. उतारांवर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा एका गावात मोच्याला गाठून त्या ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं आणि गाडी पुढे काढली. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात इथून मानली जाते. घडलं ते अर्थातच गॅरेजशिवाय, कारण गॅरेज नावाची गोष्टच अजून जन्मायची होती.

पुढे १८९७च्या सुमारास इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने घोडागाड्यांच्या ब्रेकवर प्रयोग सुरू केले. तिथले गाडीवान उतारासाठी लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तळवे ठोकत असत, हे त्याने पाहिलं होतं. त्या प्रयोगांतून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. १९०२मध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्हीकडून पॅडने आवळणाऱ्या ब्रेकचं, पेटंट घेतलं, पण त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते इतके किंचाळत की लोकांनी ती कल्पना गुंडाळून ठेवली. पन्नास वर्षांनी, १९५३च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली. वळणाच्या अगदी जवळ येईपर्यंत तिचे चालक वेग सोडत नव्हते, कारण गाडी थांबणार याची त्यांना खात्री होती. मग मात्र डिस्क ब्रेक रस्त्यावरच्या साध्या गाड्यांतही यायला वेळ लागला नाही.

आजचा पॅड हातात घेतला तर दिसते तळहातात मावणारी एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला काळपट, खरखरीत थर. नव्या पॅडवर हा थर साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. त्यात राळ असते, अरामिडचे धागे असतात, ग्राफाइट, लोखंडाचा कीस आणि बराइटची पूड असते. आणि बऱ्याचदा काजूही असतो! काजूबीच्या टरफलात जे जळजळीत तेल असतं, ज्याने कोकणात बिया सोलणाऱ्यांच्या हातांची सालं निघतात, त्यावर प्रक्रिया करून तयार केलेली भुकटी ब्रेकच्या मिश्रणात घालतात. तिच्यामुळे ब्रेकची पकड एकसारखी राहते आणि आवाज कमी होतो. सावंतवाडीच्या काजूचा आणि पुण्यातल्या सिग्नलवर थांबलेल्या गाडीचा असाही संबंध असू शकतो.

या पॅडचं काम गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करणं, एवढंच. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल आणि ती ब्रेकने पूर्ण थांबवली, तर सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खोलीत ठेवलेलं एक लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास एवढीच लागते. आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरवा. ती साधारण पाचशे मीटर खाली येते. वेग वाढू न देता सगळा उतार ब्रेकवरच उतरायचा म्हटलं, तर तशा वीस थांब्यांची, म्हणजे वीस लिटर पाणी उकळण्याची उष्णता पॅड आणि डिस्कला पंधरा-वीस मिनिटांत पचवावी लागेल. प्रत्यक्षात थोडा भार हवा आणि इंजिन उचलतात, पण इंजिन उचलतं ते गाडी गियरमध्ये असेल तरच.

घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या गणितातूनच आलेला आहे. पॅड फार तापले की त्यातली राळ वायू सोडायला लागते आणि पकड सुटते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, ही आणखी एक भानगड. डॉट-४ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, मात्र दाब पुढे पोचवत नाहीत, आणि पॅडल सरळ तळाला जातं. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२मध्ये एका मालट्रकने तब्बल ४८ वाहनांचं नुकसान केलं. इंधन वाचवायला चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि कारचे तेलाच्या, पण उतारावर इंजिनाची साथ सोडली की दोघांचीही गत सारखीच.

पॅड संपत आलेत हे गाडी आधी आवाजाने सांगते. बऱ्याच पॅडना कडेला पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून बारीक, दातांत कळ येईल अशी ‘चीं’ करते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तो ऐकू येतो तेव्हा अजून वेळ हातात असतो. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला केलेली खरखर वेगळी: डिस्कवर चढलेला गंज तेवढ्यात निघून जातो, त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. ब्रेक दाबला की खालून लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर येत असेल, तर मात्र थर संपलेला असतो आणि मागची पट्टी डिस्क खरवडत असते. इथून पुढचा प्रत्येक किलोमीटर खर्चात पडतो, कारण आता पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागणार.

एक खूण आवाज न करणारी आहे आणि ती नेमकी झाकली जाते. पॅड जसे झिजतात तसे त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधले पिस्टन थोडे थोडे बाहेर येऊन तिथेच राहतात, त्यांच्यामागची जागा ब्रेक ऑइल भरतं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू खाली सरकते. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीची ही पातळी पाहून ‘ऑइल कमी होतं, टॉपअप केलं’ असं सांगणारे गॅरेजवाले पुष्कळ भेटतात. त्याआधी पॅड पाहिले का, हे त्यांना विचारायला हवं. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, आणि पॅड पातळ असतील तर टॉपअपने एक फुकटची सूचना पुसली गेली.

पाहायचं कसं? स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो. थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची तयारी करावी. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत दीड मिलिमीटरच्या खाली गेलेला पॅड नापास होतो. तिथपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही. बाहेरचा पॅड सात मिलिमीटर आणि आतला लोखंडाला टेकलेला, असंही घडतं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या गंजून अडकल्या की पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच मार खातो. म्हणून जाळीतून पाहून ‘अजून आहेत की’ म्हणणं अर्धंच खरं. किती किलोमीटर चालतात याला सरसकट उत्तर नाही. महामार्गावर बहुतेक वेळ पाचव्या गियरमध्ये धावणाऱ्या गाडीचे पॅड साठ हजार किलोमीटरही जातात, तर दादर ते अंधेरी रोज रांगत जाणाऱ्या गाडीचे त्याच्या निम्म्यातही संपतात.

आता प्रश्न उरतो स्वतः बदलण्याचा. पुढच्या चाकांना डिस्क आणि मागे ड्रम अशी आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची सर्रास मांडणी. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढच्या चाकांवर पडतं, त्यामुळे आधी संपतात ते पुढचेच पॅड. आणि पुढचे डिस्क पॅड बदलणं हे यांत्रिक कामांतलं सोप्यात सोपं काम आहे. धोका आहे तो दोन टोकांना: सुरुवातीला गाडी उचलताना आणि शेवटी पहिल्यांदा पॅडल दाबताना. मधलं सगळं ज्याला पाना धरता येतो त्याला जमतं.

पॅड गाडीच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणेच घ्यायचे. छोट्या गाडीच्या पुढच्या संचाला साधारण हजार-दीड हजारापासून पुढे पडतात. पाकिटावर ‘अॅस्बेस्टॉसविरहित’ लिहिलेलं असावं. पुष्कळ पॅडच्या कडेला छापलेल्या सांकेतिक ओळीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ई म्हणजे त्याहून कमी. ‘एफएफ’ असा पॅड तापल्यावरही पकड टिकवतो. ‘एफई’ असेल तर तो गरम होताच ढिला पडतो. घाटात राहणाऱ्यांनी दुकानात एवढं वाचून घ्यायला हरकत नाही. आणि बदलायचे ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना पॅड ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

जागा सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये किंवा मातीच्या अंगणात हे काम काढू नये. गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यायचे, कारण उचलल्यावर जोर लावला की गाडी हलते. डिकीतला जॅक पंक्चरपुरता असतो. त्याच्या भरवशावर काम करत बसायचं नाही. गाडीखाली कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक स्टँड लावावा आणि काढलेलं चाक कडेला गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं, म्हणजे काही घसरलंच तर मध्ये ते येईल. विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर गाडी टेकवणारे वीर गल्लोगल्ली आहेत. वीट आधी तडकून इशारा देत नाही, एकदम फुटते.

चाक निघालं की समोर डिस्क आणि तिला मिठी मारून बसलेला कॅलिपर दिसतो. स्टिअरिंग वळवून कॅलिपर बाहेर आणला की हात चांगला पोचतो. आधी मोबाइलवर दोन फोटो काढावेत आणि एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे गोंधळ झाला तर दुसऱ्या बाजूला नमुना शाबूत असतो. कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. बऱ्याच गाड्यांत खालचा एक काढला की कॅलिपर वर उचलता येतो. दोन्ही काढावे लागले तर तो तारेने वर बांधून ठेवायचा. रबरी होजवर तो लोंबकळत सोडला तर होज आतून फाटू शकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

जुने पॅड निघाले की त्यांच्याकडे दोन मिनिटं नीट पाहावं. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेत का? एखादा तिरपा झिजला असेल, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर कॅलिपर वाकडा सरकतोय. गाइड पिना बाहेर ओढून पाहाव्यात: बोटाने सरकल्या पाहिजेत. गंजल्या असतील तर साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियम ग्रीस रबराला फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कच्या कडेला नख फिरवलं तर झिजेची पायरी लागते. किमान किती जाडी चालेल ते डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याहून पातळ झालेली किंवा तडे गेलेली डिस्क लेथवर घासून आणण्यात अर्थ नाही, ती बदलायची.

पिस्टन मागे ढकलणं हा या कामाचा गाभा. नवे पॅड जाड, त्यामुळे बाहेर आलेला पिस्टन आत गेल्याशिवाय कॅलिपर त्यांच्यावर बसतच नाही. जुना पॅड पिस्टनवर टेकवून सी-क्लॅम्पने हळूहळू आवळत जायचं. त्याआधी बॉनेटखालच्या डबीचं झाकण उघडून भोवती फडकं गुंडाळावं, कारण पिस्टनमागचं ऑइल उलट तिकडे चढतं. मधल्या काळात कुणी टॉपअप केलेलं असेल तर ते बाहेर सांडणार, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. पातळी फार चढली तर सिरिंजने थोडं काढून घ्यावं, सांडलंच तर लगेच पाण्याने धुवावं.

या पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते आणि तिची करामत पाहण्यासारखी आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकताना रिंग किंचित पिळली जाते. पाय काढला की ती मूळ आकारावर येते आणि पिस्टनला केसभर मागे खेचते. पॅड डिस्कपासून सुटतात ते एवढ्यावरच, त्यासाठी वेगळी स्प्रिंग नाही. पॅड झिजून अंतर वाढलं की पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथून नवा हिशेब सुरू होतो. डिस्क ब्रेक कधी ‘आवळून’ घ्यावे लागत नाहीत ते या रिंगमुळे. ती फाटून पिस्टनभोवती ओल दिसली तर घरचं काम तिथेच थांबवायचं. कॅलिपर उघडणं, होज सोडणं, नंतर ओळीतली हवा काढणं ही कामं गॅरेजची. मागच्या चाकांनाही डिस्क असेल तर पुष्कळ गाड्यांत तो पिस्टन सरळ ढकलायचा नसतो, स्क्रूसारखा फिरवत आत न्यायचा असतो. बटणावर चालणारा हँडब्रेक असेल तर संगणकाला आधी ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावं लागतं. त्या वाटेला सुरुवातीला न गेलेलं बरं.

नवे पॅड बसवताना त्यांच्या काळ्या थराला तेलकट हात लागता कामा नये. आवाज करणारी जीभ ज्या पॅडला आहे तो जुन्याच्या जागीच, बहुधा आतल्या बाजूला जातो. कॅलिपर खाली घेऊन बोल्ट लावायचे, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने. टॉर्क रेंच इथे चैन नव्हे. चाकाचे नट समोरासमोर, आळीपाळीने.

मग येतो तो क्षण. पिस्टन अजून आत ढकललेला आहे, पॅड आणि डिस्क यांच्यात मोकळी जागा आहे. या अवस्थेत पहिलं पॅडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. गॅरेजमधून चाचणीसाठी बाहेर काढलेल्या गाड्या समोरच्या भिंतीवर जातात त्या याच चुकीने. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी, इंजिन बंद असताना, पॅडल कडक होईपर्यंत पंप करायचं. नंतर इंजिन सुरू करून पुन्हा तपासायचं, ऑइलची पातळी पाहायची, आणि पहिला ब्रेक चालण्याच्या वेगाने मारायचा.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण न थांबता, आणि मग काही किलोमीटर गाडी ब्रेक न लावता चालवून ते थंड होऊ द्यायचे. याने पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. नवे पॅड टाकल्या दिवशीच महाबळेश्वरचा बेत आखू नये. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत.

काढलेल्या पॅडची काळी धूळ हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे चाक काढल्याबरोबर कॉम्प्रेसरची हवा मारून ब्रेक ‘साफ’ करायची पद्धत आहे. ती धूळ मग मिस्त्रीच्या आणि शेजारी उभ्या गिऱ्हाइकाच्या छातीत जाते. पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असेल तर हे फारच वाईट. युरोपीय संघाने त्यावर २००५पासून बंदी घातली. अमेरिकेने मार्च २०२४मध्ये पांढऱ्या अॅस्बेस्टॉसबद्दल काढलेल्या नियमात ब्रेकच्या सुट्या भागांचाही समावेश केला. भारतात मात्र त्याची आयात चालूच आहे. तेव्हा घरी काम करताना मास्क लावावा आणि धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने पुसून काढावी. अॅस्बेस्टॉस नसलेली धूळही निरुपद्रवी नसते. पॅडमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन माशांना बाधतं म्हणून कॅलिफोर्नियाने २०१०मध्ये कायदा केला आणि २०२५पासून तांब्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आणायला लावलं. युरोपच्या २०२४च्या ‘युरो ७’ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकच्या धुळीलाही पहिल्यांदाच मर्यादा आली आहे.

विजेवरच्या गाड्यांनी या प्रकरणाला उलटीच कलाटणी दिली आहे. त्यांची मोटर वेग उतरवताना वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे पॅडला काम कमी पडतं आणि ते वर्षानुवर्षं जाडच राहतात. पण न वापरलेली डिस्क गंजते. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागे पुन्हा बंदिस्त ड्रम बसवले, त्यामागे हेही एक कारण होतं. रत्नागिरी किंवा पणजीसारख्या खाऱ्या हवेच्या गावात अशी गाडी असेल, तर पॅड कितीही जाड दिसत असले तरी पावसाळा संपल्यावर कॅलिपर एकदा उघडून पिनांना नवं ग्रीस लावून घ्यावं, आणि अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर चांगला जोराचा ब्रेक मारून डिस्क घासून काढावी.